गाडी कुणाच्या हातची

गाडी कुणाच्या नावावर होती ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. ती कुणाच्या हातात होती, हे मात्र गिअरबॉक्स उघडल्याशिवाय कळत नाही.

आम्ही घेतलेली गाडी सेकंडहँड. विकणाऱ्यानं फोनवर एका दमात सांगितलं होतं, "सिंगल हँड, डॉक्टर हँड, एक डेंट नाही." जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांच्या हाताला एवढा भाव का, कोण जाणे. संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोडवर पार्किंगला जागा शोधत घुटमळणारा डॉक्टर आणि तशीच जागा शोधणारा कापड दुकानदार, दोघांचा क्लच सारखाच जळत असणार. पण गाडी नीटनेटकी होती, किंमत पटली, घेतली. तक्रारी दोनच. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना आतून 'कर्र' असा आवाज यायचा. आणि गाडी खड्ड्यातून उसळली की कधीकधी दुसरा गिअर आपला आपणच सुटायचा. दांडा टक्कन न्यूट्रलला येऊन उभा, इंजिन मोकळंच ओरडतंय आणि मागं रिक्षावाल्याचा हॉर्न.

वडाळा नाक्याच्या बाजूला एका गल्लीत चाचांचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी जेमतेम चौकापर्यंत फिरवून आणली आणि खाली उतरता उतरता निकाल दिला. "ताई, बॉक्स पाडावा लागेल. क्लचसाठी पाडायचाच होता, एकातच काम करून टाकू." समोर इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांत क्लच प्लेट बदलायची तरी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. त्यामुळे प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलतात. एकटं बेअरिंग स्वस्तात जातं, पण पुन्हा पाडायची मजुरी कुणी द्यायची?

बॉक्स उघडला तेव्हा मी हट्टानं तिथं थांबले होते. चाचांनी स्टूल पुढे केला आणि बाकड्यावर जुनं कापड पसरून एकेक भाग मांडायला घेतला. माझी आपली समजूत अशी की आपण दांडा हलवला की आत दातेरी चाकं सरकतात, एक सुटतं आणि दुसरं अडकतं. तसं नसतंच. पुढं जायच्या सगळ्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. पाचही जोड्या सतत फिरत असतात, फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं असतं. आपण गिअर टाकतो तेव्हा एक स्लीव्ह, म्हणजे आतून दातेरी कडं, सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी बांधून टाकते. अडचण एवढीच की स्लीव्हचा वेग वेगळा आणि चाकाचा वेगळा. दोघांचे दात तसेच घुसवले तर कर्र होणार. म्हणून मध्ये एक पितळी रिंग असते, आतून निमुळती, बारीक आटे पाडलेली. स्लीव्ह पुढं येताना आधी ही रिंग चाकाच्या शंकूसारख्या कोनावर दाबली जाते, घर्षणानं दोघांचा वेग जुळतो आणि मगच दात दातांत जातात. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्या बरोबरीनं चार पावलं धावतो आणि मग दांडी पकडतो, तसं. न धावता पकडली तर काय होतं ते ठक्कर बाजार स्टँडवर कधी ना कधी सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

धावायचं काम रिंग करते, आणि दर वेळी कणभर झिजते.

चाचांनी पाचव्या गिअरची रिंग माझ्या तळहातावर ठेवली. आटे जसेच्या तसे, धार लागेल असे. मग दुसऱ्याची दिली. आतून गुळगुळीत. ती तिच्या चाकावर बसवून त्यांनी कडेची फट नखानं दाखवली. नव्या रिंगेला साधारण मिलीमीटरभर जागा राहते, इथं रिंग चाकाला जवळजवळ टेकलेली होती. "हायवेला गेलीच नाही ही गाडी," चाचा म्हणाले. "दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. डॉक्टर खरा असेल बरं का."

दुसऱ्याच गिअरची रिंग आधी जाते यात नवल नाही. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर मोठं, त्यामुळे वेग जुळवायला तिला सगळ्यात जास्त कष्ट. शिवाय शहरात प्रत्येक स्पीडब्रेकर, प्रत्येक वळण, पुढं अचानक थांबलेली प्रत्येक रिक्षा माणूस दुसऱ्या गिअरनंच निभावतो.

मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची ती जड चकती जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते. त्याच्या चकचकीत तोंडावर निळसर डाग पडले होते. लोखंड तापून निवलं की पडतात तसे. म्हणजे हाफ क्लच. चढावर, सिग्नलला, ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरायची सवय. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खरखर वाजत होतं. म्हणजे डावा पाय कायम पेडलवर, दाबलेला नाही आणि उचललेलाही नाही. पायाचं ते थोडकं वजनसुद्धा प्रेशर प्लेटची पकड सैल करतं आणि प्लेट निसटत राहते.

शेवटी त्यांनी फोर्क उचलला. स्लीव्हच्या खाचेत बसून तिला पुढंमागं ढकलणारा हा दोन बोटांचा चिमटा. त्याची बोटं एका बाजूनं घासून पातळ झाली होती. "हात," चाचा म्हणाले आणि स्वतःचा डावा पंजा हवेतल्या दांड्यावर ठेवून दाखवला. "गिअर टाकला तरी हात उचलत नव्हता. दांड्यावर वजन, दांड्यातून फोर्कवर वजन, आणि स्लीव्ह तर फिरतेय. घासणारच ना."

फोर्क क्षणभर खाचेच्या कडेला लागायचा आणि मग मोकळा राहायचा, असा बनवलेला असतो. त्याला सतत टेकून ठेवलं तर तो झिजतो. पातळ झालेला फोर्क स्लीव्हला पूर्ण ढकलत नाही. दात अर्धेमुर्धे अडकतात. आणि अर्धा अडकलेला गिअर खड्ड्यात सुटतो.

तो हात मी ओळखत होते. हा डॉक्टर मी कधी पाहिला नाही, पण तस्साच हात आमच्या बाबांचा.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची वर्षं कालव्यांच्या कडेनं आणि मातीच्या बांधांवरून गेली, खात्याच्या जीपमध्ये. ती तीन गिअरची महिंद्राची जीप. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, म्हणजे ती वेग जुळवणारी रिंग, पहिल्याला काही नाही. गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक्सलेटरला नेमका ठोसा, पुन्हा क्लच आणि मग पहिला. रिंगेनं करायचं काम माणसानं पायानं आणि कानानं करायचं. खात्याचे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही मुलं मामा म्हणत असू, हे सगळं विडी ओढता ओढता करायचे. रविवारी गंगापूर धरणाच्या कालव्याकडच्या कच्च्या वाटेवर त्यांनी बाबांना जीप शिकवली.

त्या जीपचा दुसरा गिअर सुटायचा. किती हातांतून गेलेली सरकारी गाडी, आतल्या खटक्याच्या स्प्रिंगा दमलेल्या, दातांच्या कडा गोल झालेल्या. मामांनी त्यावर दोन उपाय काढले होते. लांब चढ असेल तर दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ती सीटखालच्या पट्टीला अडकवायची. एरवी हातानं धरून ठेवायचं. बांधावरच्या उतारात गिअर सुटला तर पुढं पाणी होतं, तेव्हा ही सवय म्हणजे शहाणपणच. बाबा हेच शिकले.

पुढं बाबांनी एक जुनी पद्मिनी, म्हणजे फियाट, घेतली. हँडल गिअर, म्हणजे दांडा स्टिअरिंगच्या खालून डाव्या अंगाला आलेला. गिअर चार. तिलाही पहिल्याला सिंक्रो नव्हता, पण बाकीचे तीन गिअर धडधाकट होते, सुटणारे नव्हते. तरी बाबांचा हात दांड्यावरच. गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढं तेव्हा शुकशुकाट असायचा. तिथं त्यांनी मला शिकवलं. माझा हात दांड्यावर आणि त्यांचा हात माझ्या हातावर. "हात काढू नको. गाडीचा भरवसा नसतो." चाचांनी पंजा हवेत ठेवून दाखवला तेव्हा मला हेच वाक्य ऐकू आलं.

आता बघा काय झालं ते. एका जीपचा गिअर सुटतो म्हणून एक माणूस दांडा धरून ठेवायला शिकतो. ती जीप भंगारात जाते, सवय उरते. ती पुढच्या गाडीत जाते, पुढच्या माणसात जाते, आणि ज्या गाडीचा गिअर कधीच सुटणार नव्हता तिचा फोर्क खाऊन खाऊन तिचा गिअर सुटायला लावते. मग त्या गाडीत बसलेला पोरगा शिकतो की गिअर सुटतो, दांडा धरून ठेवायला हवा.

तेव्हापासून मला असं दिसायला लागलंय की आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणतो तो बहुतेक वेळा आज्ञाधारकपणा असतो. माणूस समोरची गाडी चालवतच नसतो. त्याच्या शिकवणाऱ्याच्या शिकवणाऱ्याची गाडी चालवत असतो, आणि झीज होते ती या दोन गाड्यांमधल्या फरकाची.

अर्थात हात ठेवणाऱ्या सगळ्यांना घाबरवण्यातही अर्थ नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये केबल असतात, बुश असतात. हाताचं वजन थोडंफार तिथं जिरतं. फोर्क असा पातळ व्हायला वर्षं लागतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात तसा बॉक्स महिन्याभरात 'खल्लास' होत नाही. हाफ क्लच त्याहून कितीतरी महाग पडतो. द्वारका चौकात पंधरा मिनिटं इंच इंच सरकणाऱ्या रांगेत पुढच्या गाडीनं फूटभर जागा सोडली की लगेच ती भरून काढणारे लोक स्वतःची क्लच प्लेट किसत असतात. दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग पहिला टाकून नीट सुटावं. पण मध्ये रिक्षा घुसेल ही भीती इंजिनिअरिंगपेक्षा मोठी. चाचा सांगतात, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या त्यांच्याकडे येतात. एकीचा क्लच लाख किलोमीटरच्या पुढं चाललेला, दुसरीचा तीस-चाळीस हजार किलोमीटरांत धूर.

सिंक्रोनायझर काही काल-परवाचा नाही. अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ती कल्पना. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत ती पहिल्यांदा बाजारात आली. तिथल्या लोकांची डबल क्लचची कटकट तेव्हाच मिटायला लागली. आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि फियाट पहिला गिअर सिंक्रोशिवायच घेऊन पुढची कित्येक दशकं चालल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या चारही गिअरांना सिंक्रो घेऊन. म्हणजे सत्तरीच्या आसपासची जी माणसं आज आपल्या मुलांशेजारी बसून सूचना देतात त्यांचे हातपाय त्याआधीच घडलेले. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

शिवाय जुनं ते सगळं मोडीत काढण्यासारखंही नसतं. पद्मिनीनं मला दोन गोष्टी अशा शिकवल्या की त्या आजच्या कुठल्याही बॉक्सला मानवतात. एक, गाडी थांबल्याशिवाय पहिला नाही. आता पहिल्यालाही रिंग असते, पण वीसच्या वेगात पहिला रेटला तर त्या रिंगेवर काय गुजरते ते ती रिंगच जाणे. आणि दुसरी, न्यूट्रलवर क्षणभर थांबून मग पुढचा गिअर. बाबा म्हणायचे, "श्वास घेऊ दे तिला." फियाटचा दांडा घाईला दादच देत नसे. थांबावंच लागे. त्या अर्ध्या क्षणात वेग आपोआप उतरतो आणि रिंगेचं निम्मं काम फुकटात होतं. सिनेमातल्यासारखा खटाखट गिअर टाकणाऱ्यांना हे पटत नाही. दांडा दोन बोटांनी जातो. मुठीनं न्यावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

रिव्हर्सचंही असंच. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. दात सरळ असतात आणि मागं घेताना तो ओळखीचा कुईं आवाज येतो. क्लच दाबल्यावरही आतला शाफ्ट थोडा वेळ फिरत राहतो, त्यामुळे घाईनं टाकला की कर्र. मामांची युक्ती अशी की आधी पुढचा कुठलातरी गिअर टाकायचा, म्हणजे रिंग शाफ्टला थांबवते, आणि मग रिव्हर्स. एका सरकारी ड्रायव्हरनं कालव्याच्या कडेला सांगितलेली ही गोष्ट मी परवा सोसायटीतल्या इंजिनिअर मुलाला सांगितली. तो म्हणाला, "काकू, यूट्यूबवर बघितलं का?"

पण सगळ्यात चिवट सवय न्यूट्रलची.

नाशिकचा माणूस म्हटला की कसारा घाट आलाच. आमच्या लहानपणी मुंबईला जाताना इगतपुरी सोडली की बाबा न्यूट्रल करायचे. गाडी सुं सुं करत उतरायची आणि ते समाधानानं म्हणायचे, "फुकटात कसारा." त्यात तथ्य होतं. कार्बोरेटरच्या गाडीत, गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरतं आणि पाय उचललेला असला तरी पेट्रोल ओढत राहतं. न्यूट्रलला ते मंद चालतं, कमी पितं. पेट्रोल जपून वापरायच्या दिवसांत हा हिशेब बरोबर होता. ब्रेक तापायचे, पण ती वेगळी गोष्ट.

इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हिशेब उलटा झाला. गिअरमध्ये पाय उचलून उतरलं की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टरच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रल केलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे आज न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा माणूस पैसे खर्चून ब्रेक तापवतो. शिवाय खाली पोचल्यावर गाडी ऐंशीला असताना तिसरा किंवा चौथा टाकतो तेव्हा मंद इंजिन आणि पळती चाकं यांच्यातला सगळा फरक एकट्या पितळी रिंगेला आणि क्लचला गिळावा लागतो.

हे मी बाबांना अनेकदा समजावलंय. ते ऐकून घेतात. मग म्हणतात, "असेल. पण गाडी मोकळी उतरली की हलकी वाटते."

त्याच घाटातली रेल्वे बघावी. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कसाऱ्याला गाडीच्या मागं बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात. खाली येणाऱ्या गाड्यांनाही शिस्त असते, मनाला येईल तसं मोकळं कुणी सोडत नाही. रस्त्यावर मात्र सगळं त्या त्या माणसाच्या वडिलांनी काय सांगितलं त्यावर चालतं. ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम अजूनही त्यातल्या त्यात खरा. आता २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून पुढं आमण्यापर्यंत सुरू झाला, सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो. घाटाच्या वाटेला न जाता माणूस मुंबईच्या दारात पोचतो. माझ्या ओळखीतल्या एकानं तर आनंदानं सांगितलं की पाचवा टाकला तो थेट टोलनाक्यालाच काढला. त्याच्या दुसऱ्या गिअरची रिंग दीर्घायुषी होणार हे नक्की.

थंडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते खास आमच्या जिल्ह्याचं आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली असल्याची बातमी जवळजवळ दर वर्षी येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात छापतात. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशा सकाळी पिंपळगावच्या बाजूला गाडी काढली की पहिले एक-दोन किलोमीटर दुसरा गिअर दगडासारखा जड जातो. लोक घाबरून गॅरेज गाठतात, तोवर गाडी तापून सगळं सुरळीत झालेलं असतं आणि मेकॅनिकला काही सापडत नाही. थंडीत गिअर ऑइल घट्ट झालेलं असतं. रिंगेनं वेग जुळवायचा तर आधी तिला मधला तेलाचा थर कापून कोनाला भिडावं लागतं, आणि घट्ट थर लवकर कापला जात नाही. उपाय साधा, सुरुवातीला सावकाश टाकावा. रेटलं की त्या दोन किलोमीटरांत वर्षाची झीज.

हे ऑइलही एक दुर्लक्षित प्रकरण. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअर ऑइल बॉक्समध्ये असतं हेच कित्येकांच्या गावी नसतं. आणि बदललं तर 'नव्वदचं टाक' एवढंच सांगतात. नव्वद हा फक्त घट्टपणा. त्यावर तेलाचा प्रकार जीएल-४ की जीएल-५ लिहिलाय ते बघायला हवं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मिश्रणं जास्त, ती मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलच्या दातांना तारतात, पण त्यातली काही पितळेला मानवत नाहीत. शिवाय ते तेल इतकं निसरडं की रिंगेला हवं ते घर्षणच मिळत नाही. भारी तेल म्हणून कौतुकानं टाकायचं आणि गिअर अडायला लागले की दोष बॉक्सला. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते घालावं. चाचांच्या कपाटात दोन्ही डबे आहेत आणि जीएल-५ वर त्यांनी खडूनं 'टेम्पो' असं लिहून ठेवलंय.

लेक गाडी शिकायला लागली तेव्हा मी तिला शिकवायचं नाही असं ठरवलं. आमच्या घरातल्या सवयी तिच्यापर्यंत जायला नकोत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. तिथं काय शिकवतात? पहिल्याच दिवशी, "आधी क्लच, मग ब्रेक." वेग कितीही असो, समोर काही आलं की डावा पाय आधी खाली. कारण उघड आहे. गाडी बंद पडू नये. शिकाऊ पोरगी चौकात गाडी बंद पाडते तेव्हा मास्तरची पंचाईत होते, आणि त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असल्यानं तिचा पाय नीट शिकायच्या आत त्यांचा पाय काम उरकून टाकतो. पेठ रोडच्या आरटीओत आठचा आकडा काढायचा तोही पहिल्या गिअरवर, निम्मा वेळ हाफ क्लच. परीक्षा पास होते. पण साठच्या वेगात आधी क्लच दाबला की इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर आला. ही सवयही अशीच, एका विशिष्ट गाडीतून आलेली, ज्या गाडीत दोन माणसांचे चार पाय असतात.

आता तिला एएमटी गाडी हवी आहे, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, आपले आपण गिअर बदलणारी. २०१४ मध्ये सेलेरिओत ती आली आणि स्वस्त गाड्यांत पसरली. लोकांना वाटतं क्लच गेला. क्लच जागच्या जागी आहे, बॉक्सही तोच, रिंगा त्याच. फक्त पाय आणि हात यांच्या जागी मोटरी बसल्या. मोटरीला वडील नसतात, त्यामुळे ती दांड्यावर हात ठेवत नाही आणि न्यूट्रलवर नेमकी थांबते. म्हणूनच त्या गाड्या गिअर बदलताना मध्येच श्वास घेतल्यासारख्या अडखळतात. पण चढावर एक्सलेटरवर गाडी तोलून धरणारा माणूस तिथंही तेच करतो, आणि प्लेट तिथंही जळते. चाचांकडे तसल्या गाड्याही यायला लागल्यात. वास ओळखीचाच, म्हणतात.

तिला अजून ती गाडी घेऊन दिलेली नाही. नवे फोर्क-रिंगा बसवलेली आमची जुनीच चालवते. दिवाळीनंतर आम्ही सगळे सप्तशृंगी गडावर गेलो होतो. दर्शन झालं, बाबांना पायऱ्या नकोत म्हणून रोप-वेनं नेऊन आणलं, आणि परतताना लेक म्हणाली मी चालवते. गडावरून नांदुरीला उतरणारा तो रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्यापलीकडं काही नाही. दुसऱ्याच वळणावर पुढं एसटी आली, खच्चून भरलेली.

मागून बाबा म्हणाले, "न्यूट्रल कर, ब्रेकवर येऊ दे हळू."

मी म्हणाले, "अजिबात नाही. तिसऱ्यात ठेव."

तिनं दोघांचंही ऐकलं नाही. ब्रेक लावून वेग उतरवला, दुसरा टाकला आणि पाय सोडला. इंजिनाचा आवाज चढला. मी म्हणाले, एवढा खालचा कशाला, इंजिन किती ओरडतंय.

"एसटीकडं बघ ना," ती म्हणाली. "मघापासून तिचे ब्रेक लाइट लागलेलेच नाहीत. मग ती एवढी हळू कशी चाललीय?"

मी बघितलं. पुढच्या वळणावर लाल दिवे क्षणभर लागले आणि विझले. मधल्या सगळ्या उतारावर नाही. बाबा पुढच्या दोन सीटांमधून वाकून काचेतून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ड्रायव्हर जुना दिसतो," मग म्हणाले. "त्याच्या मागंच राहा."